संध्याकाळी या

सकाळी ग्रासिएत अगदी ठीक असते.
हीच तर पंचाईत होती.

पेनिशहून पहिली बस पावणेसहाची.
लिस्बनपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपायची
आणि दहाच्या ठोक्याला डॉक्टरांपुढे
नुकतीच न्हाऊन आल्यासारखी टवटवीत.
डोळे उघडे, जिवणी सरळ,
हात दाबून पाहिला तर वर, पकड छान आहे!

एकाने चष्मा बदलला.
एकाने वयाकडे बोट दाखवलं.
तिसऱ्याने तिला बाहेर बसवून मला विचारलं,
मुलं दूर गेली असतील ना? बायकांना मग असं होतं.
मुलं नाहीत आम्हाला.
मी नुसती मान हलवली, आणि बाहेर येऊन
तिला सांगितलं, रक्त तपासायचं म्हणाले.
परतीच्या बसमध्ये तिने अर्धं संत्रं सोललं
आणि उरलेलं माझ्या मांडीवर ठेवलं.
तू सोल, म्हणाली.

संध्याकाळची ग्रासिएत त्यांच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.
दिवे लागले की उजवी पापणी उतरायची,
अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारखी.
लेसच्या उशीवर चाळीस फिरक्यांच्या ऐंशी व्हायच्या,
एक डोळा मिटून ती विणू बघायची,
मग फिरक्या तशाच लोंबत.
पावाचा घास तोंडात घोळत राही.
हसली की गुरगुरल्यासारखी दिसे,
म्हणून हसणं तिने कमी केलं,
आणि मी, गाढव, एकदा विचारलं,
माझ्यावर चिडलीस का?

मी बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात. सव्वीस वर्षं.
लिहिणं वजनाच्या पावत्यांपुरतं.
त्याच पावत्यांच्या पाठीवर लिहायला लागलो.
साडेपाच : दोन दोन दिसतंय.
सात : सूप नाकातून आलं.
नऊ : केस विंचरताना हात खाली पडला. मी विंचरले. भांग वाकडा.
पहाटे : सगळं परत जागेवर.

झुल्मिरा केप व्हर्दची. आमच्या दवाखान्यात
एका महिन्यासाठी कुणाच्या तरी बदलीवर आलेली.
पावत्यांना सार्डिनचा वास होता.
तिने नाक मुरडलं नाही.
पत्त्यांसारख्या लावल्या टेबलावर, तारखेने,
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली, उद्या संध्याकाळी या.
दिवसभर विणू दे हिला, भांडू दे, जिने चढू दे.
दमवून आणा.

आणली दमवून, किल्ल्याच्या तटावरून चालवत.
पापणी पार खाली.
बर्फ आहे का कुठे? डॉक्टरने विचारलं.
दवाखान्याच्या फ्रीजमध्ये लसी होत्या, बर्फ नव्हता.

मी धावलो.
एकोणसाठाव्या वर्षी, चढावरून उतारावर,
आणि मग तोच चढ, रबरी हातमोजा भरून, धापा टाकत.

दोन मिनिटं धरला डोळ्यावर. घड्याळ लावून.
काढला तेव्हा पापणी वर.
पूर्ण नाही, पण वर.
त्या डोळ्याने तिने माझ्याकडे पाहिलं.
मेलेल्या माशांच्या डोळ्यांवर मी आयुष्यभर
टनांनी बर्फ ओतला,
एक मूठ घरी न्यायचं सुचलं नव्हतं.

आजाराचं नाव लांब निघालं. मायस्थेनिया, आणि पुढे आणखी काही.
ग्रासिएतने दोनदा उच्चारलं, तिसऱ्यांदा जीभ अडखळली.
बरोबर, डॉक्टर म्हणाली, हेच ते.
बरा होईल? मी विचारलं.
नाही. सांभाळता येईल.
'काही नाही' दोन वर्षं पुष्कळ ऐकलं होतं आम्ही.
नुसतं 'नाही' पहिल्यांदाच.
ग्रासिएतने तिचा हात धरला, सुटला, परत धरला.

झुल्मिरा आता सेतुबालला असते. फोन उचलते.
दर चार तासांनी माझ्या खिशात गजर वाजतो,
कारखान्यातली पोरं ओरडतात, अदेरितो, गोळी!
लेस सकाळी. भांडण दुपारी दोनच्या आत.
वाईट दिवस येतात, अगोदर कळवत नाहीत.

पावत्या लिहायची आता गरज नाही, डॉक्टर म्हणाली.
काल रात्रीची :
नऊ. केस मी विंचरले.
ती म्हणते, अजून वाकडाच.